स्टेअरिंग तिरपं, गाडी सरळ

आधी नाव सांगतो, मग बाकीचं. संगीताताई ओव्हाळ. तळवड्याच्या आयटी पार्कातल्या मुलींना घरून आणायची आणि पोचवायची गाडी त्या चालवायच्या. त्या माझ्या नात्याच्या नाहीत, गावच्या नाहीत. आमच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून आल्या, त्यासुद्धा तक्रार घेऊन. आज मी अलाइनमेंटच्या मशीनवर उभा आहे तो त्यांच्यामुळे. दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा, असं मला सांगितलं तेव्हा घाम फुटला. नववीत शाळा सोडलेला माणूस मी, बिलावर गाडीचा नंबर लिहितानाही दोनदा बघतो. मग वाटलं, निदान ताईंचं नाव तरी छापून येईल. म्हणून बसलो लिहायला.

मी मूळचा हिंगोली जिल्ह्यातला. चुलतभाऊ चाकणला कंपनीत होता, त्याच्या मागं आलो. कुरुळीत खोली, आणि तळवडे रस्त्याला टायरच्या दुकानात काम. बरीच वर्षं टायर काढणं, पंक्चर बघणं, चाकाला शिसं लावून बॅलन्सिंग करणं हेच केलं. आमच्याकडचं बोलणं इकडं कुणाला कळायचं नाही. "काय करायलाव?" असं मी विचारलं की समोरचा म्हणायचा, "काय करायला काय?" म्हणून मग बोलणंच कमी केलं. टायर काढायला बोलावं लागत नाही.

अलाइनमेंट म्हणजे काय, ते ज्याला गाडीतलं काही कळत नाही त्याच्यासाठी सांगतो. गाडीची चाकं आपल्याला सरळ दिसतात, पण खड्ड्यात आपटून आपटून त्यांची तोंडं हळूहळू वेगळ्या दिशेला वळतात. दोन माणसं एका हातगाडीला लावली आणि एकाची नजर डावीकडं, दुसऱ्याची समोर, तर जे होईल ते होतं. टायर एका बाजूनं झिजतात. आमचं काम ती तोंडं परत सरळ करायचं. प्रत्येक चाकाला एक काळी पाटी अडकवतात, पाटीवर पांढरे गोल ठिपके असतात. समोरच्या खांबावरचे कॅमेरे ते ठिपके बघतात आणि चाक कुठं वळलंय ते पडद्यावर दाखवतात. चुकीचं असलं तर तांबडं, बरोबर असलं तर हिरवं. आपण गाडीखाली जाऊन पान्यानं फिरवायचं, हिरवं होईपर्यंत. ऐकायला सोपं आहे.

अवघड काम गाडी बाहेर गेल्यावर सुरू होतं. माणूस दोन दिवसांनी येतो आणि म्हणतो, "तुम्ही काय केलं राव, गाडी वाकडीच जाते." आता ह्या एका वाक्यात दोन वेगळे आजार असतात. एक म्हणजे स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी एका बाजूला ओढते. दुसरा म्हणजे गाडी नाकासमोर सरळ जाते, पण तेव्हा स्टेअरिंग तिरपं असतं. गिऱ्हाईक दोन्हीला वाकडंच म्हणतं. ओढत असेल तर आधी पुढचे दोन टायर आपसात बदलायचे. ओढ बाजू बदलून पलीकडं गेली, तर दोष टायरचा. चार किलोमीटर चालवून आल्यावर चाकाला लांबूनच हात करून बघायचा. एकच चाक तापलेलं असेल तर ब्रेक धरून बसलाय. आणि कधीकधी दोष रस्त्याचा असतो. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता ठेवलेला असतो, गाडी बिचारी उताराकडं जाते.

एकदा तर मोशीचे एक फुलवाले काका आले. स्टेअरिंग तिरपंच म्हणे, सरळ आहे म्हटलं तरी त्यांना पटेना. बघतो तर त्यांनी स्टेअरिंगला नवीन कव्हर शिवून घेतलेलं, आणि ते सरकून त्याच्यावरचं चित्र एका बाजूला गेलेलं. मी कव्हर फिरवून सरळ केलं. काका खूप वेळ गाडीतून उतरेचनात. मग म्हणाले, "आमच्या घरी सांगू नको हां. बायको म्हणतच होती, कव्हर नको म्हणून." दुसऱ्या दिवशी दुकानातल्या सगळ्यांना मोगऱ्याचे गजरे. आमच्यातल्या अर्ध्यांची लग्नं झालेली नव्हती, त्यांनी ते कंप्रेसरला बांधले.

पण हे शहाणपण आत्ताचं. मशीनवर नवीन बसलो तेव्हा मला एवढंच माहीत होतं की हिरवं झालं म्हणजे झालं.

आमचे मालक दत्ताभाऊ. इथल्याच जुन्या घरातले, आवाज मोठा, माणूस सरळ. मशीन चालवणारा आमचा आधीचा गडी कंपनीत लागला तेव्हा भाऊ म्हणाले, "गजा, दसऱ्यापास्नं तू मशीनवर." मी गावी फोन केला. माय म्हणाली, "मशीनवर म्हंजे रे?" मी म्हटलं, "टायर नाही उचलायचं आता. कॅम्प्युटर हाय." माझ्या माहेरवाशिणी बहिणीपासून गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांना तिनं ते सांगितलं. पोरगं शाळेत टिकलं नाही, ह्याचं तिला आत कुठंतरी लागलेलं होतं. त्या दिवशी फोनवर तिचा आवाजच वेगळा होता.

खंडेनवमीला दत्ताभाऊंच्या आई, म्हणजे आमच्या माई, दुकानात आल्या. दुकानाच्या मागंच त्यांचं घर. दरवर्षी त्या सगळ्या हत्यारांची पूजा करतात. जॅक, पाने, हवेची गन, मशीन, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. नारळ फोडला, पेढे खाल्ले. दसऱ्याची सुट्टी झाली, आणि मी कामाला लागलो.

आणि गाड्या परत यायला लागल्या.

पहिली संगीताताईंची. काच खाली करून म्हणाल्या, "भावा, गाडी सरळ जाते, पण स्टेअरिंग उजवीकडे कलंडलंय बघ." मी गाडी परत रॅम्पवर घेतली, पाट्या लावल्या. सगळं हिरवं. मी म्हटलं, "ताई, बरोबर आहे." त्या गेल्या, दुसऱ्या दिवशी परत आल्या. तोवर एक कुरिअरची व्हॅन येऊन गेली, एक चिखलीचे गुरुजी येऊन गेले. प्रत्येक वेळी पडदा हिरवा आणि स्टेअरिंग तिरपं.

दत्ताभाऊ बाहेर आले. "मशीन हिरवं दावतंय ना? मग झालं. बायांना उगंच वाटतं काय काय."

ताई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, मी बाई आहे म्हणून वाटतंय, का स्टेअरिंग तिरपं आहे म्हणून? त्या गुरुजींना कशामुळे वाटलं मग?"

मग भाऊ माझ्यावर आले. "गजा, तुझा हात बसला न्हाई अजून. उद्याच्याला आणखी एक गाडी फिरून आली ना, तर तू आपला टायरवर बरा. मशीनला दुसरा माणूस बघतो."

टायरवर परत जायला मला लाज नव्हती, ते काम मला येत होतं. पण मायला काय सांगणार होतो? शाळा सोडून घरी आलो तेव्हा तिनं विचारलं होतं, "जमलं नाही का रे?" तेच परत तिच्या तोंडून ऐकायचं माझ्यात बळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन शिफ्टच्या मधल्या वेळात, ताई पुन्हा आल्या. मला वाटलं, आता भांडायला. मी हात पुसत उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "तू स्वतः टेस्ट मारून बघितलीस का गाडीची?"

मी खाली बघितलं. "मला चालवता येत नाही."

"काय येत नाही?"

"गाडी. रॅम्पवर चढवता येते. उतरवता येते. रस्त्यावर कधी नेली नाही."

ताई आधी हसल्या, मोठ्यानं. मग माझं तोंड बघून थांबल्या. "म्हणजे तू लोकांची स्टेअरिंगं सरळ करतोस, आणि सरळ स्टेअरिंग हाताला कसं लागतं ते तुला माहीत नाही?"

"कामून कळंल ताई," मी म्हणालो. घाबरलो की माझं गावाकडचं बाहेर येतं. "आमच्या घरी गाडी कुठं होती?"

"बस शेजारी," त्या म्हणाल्या.

दत्ताभाऊ जेवायला घरात गेले होते. मी बसलो. त्यांच्या गाडीत पुढं बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि मागच्या सीटवर मुलींनी विसरलेली एक छत्री. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर ताई म्हणाल्या, "आता मी हात सैल सोडते. गाडीकडं बघ, स्टेअरिंगकडं नको." गाडी सुतासारखी सरळ चालली होती. "आता स्टेअरिंगकडं बघ." ते उजवीकडं झुकलेलं. "एक बोट लाव. जोर लावू नको, नुसतं लाव." मी शेजारून बोट लावलं. कसलाही ताण नाही, ओढ नाही. ते तसंच आरामात तिरपं बसलं होतं, एखादा माणूस एका कुशीवर झोपावा तसं.

एवढी वर्षं मी लोकांच्या तोंडून "ओढते" आणि "तिरपं" हे शब्द ऐकत होतो. हाताला ते पहिल्यांदा कळले.

"बाकीच्या परत आल्या त्यापण अशाच?"

"हो."

"सगळ्या उजवीकडेच?"

मी आठवून बघितलं. व्हॅन उजवीकडे. गुरुजींची उजवीकडे. "सगळ्या उजवीकडेच, ताई."

त्यांनी गाडी झाडाखाली घेतली. "माझी आई आकुर्डीच्या बाजारात भाजी विकायची. तराजूवर. कुणी म्हटलं, मावशी, माप कमी भरलं, तर ती भांडायची नाही. पारडी बदलायची. भाजी त्या पारड्यात, वजन ह्या पारड्यात. काटा खरा असला तर तेवढंच भरतं. खोटा असला तर लगेच एक पारडं झुकतं. तू सारखा भाजीच बघतोयस. तुझ्या मशीनला पारडी आहेत का काही?"

मला एकदम पाट्या दिसल्या डोळ्यांपुढं. आमच्या मशीनच्या पुढच्या दोन पाट्या सारख्याच आहेत. मशीन बसवायला आलेला माणूस डावी-उजवी बदलू नका म्हणून सांगून गेला होता, पण ते काम करताना. तपासायला बदलली तर काय बिघडतं?

दुकानात येऊन ताईंचीच गाडी चढवली. आधी नेहमीसारख्या पाट्या लावल्या. हिरवं. मग डावी उजवीकडे लावली, उजवी डावीकडे. पडद्यावर तांबडं आलं. गाडी तीच, चाकं तीच, आणि हिरव्याचं तांबडं झालं.

"काटाच खोटा आहे," ताई म्हणाल्या.

मी दोन्ही पाट्या उन्हात नेल्या. एक स्वच्छ. दुसरीवरचे खालच्या कडेचे दोन-तीन ठिपके पांढरे नव्हते, मळकट गुलाबी होते. कुणीतरी चिकट फडक्यानं पुसून ते आणखी पसरवलेलं. मी नाकाजवळ नेलं. कुंकू.

कॅमेरा ठिपक्याचा मध्य शोधतो. अर्धा ठिपका झाकला की त्याला मध्य भलतीकडंच दिसतो. एवढंच झालं होतं. चाक जिथं होतं तिथं त्याला दिसत नव्हतं, आणि मी त्याच्या सांगण्यावरून चांगली चाकं वाकडी करत होतो.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण कुंकू लावलं होतं माईंनी. दुपारची भाकरी आम्हा बाहेरगावच्या पोरांना कधी कमी पडू न देणाऱ्या माई. आणि मला आठवलं, त्या दिवशी मशीनजवळ त्या जास्तच थांबल्या होत्या. "पोरगं नवं बसतंय," म्हणाल्या होत्या, "त्याच्या हाताला यश यिऊ दे." बाकी सगळ्यांना एक बोट, माझ्या मशीनला चार बोटं. ते कुंकू माझ्यासाठीच होतं.

मी ताईंना म्हटलं, "मी पुसून टाकतो. कुणाला काही सांगत नाही."

"आणि ज्या गाड्या गेल्या त्यांचं? टायर झिजतील ना त्यांचे."

"पण मालकांच्या आईचं नाव कसं घेऊ मी?"

ताई स्वतः ह्यातलं काही करत नाहीत, त्यांच्या गाडीला लिंबू-मिरचीसुद्धा नसते. दुसऱ्या कुणी थट्टा केली असती. त्या म्हणाल्या, "सांगायचं तर आहेच. पण त्या म्हातारीला वाईट वाटता कामा नये. थांब."

माई मागच्या दारात सुपात डाळ निवडत होत्या. ताई सरळ जाऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि डाळीत हात घातला. मी पाटी घेऊन दाराशी उभा, शाळेत उशिरा आल्यासारखा.

"माई, मशीनची पूजा केलीत तेव्हा त्याचं तोंड कुठं आहे म्हणून विचारलं होतंत का कुणाला?"

"तोंड?" माईंनी चष्म्यावरून बघितलं. "त्या काळ्या पाटीवर गोल गोल डोळं दिसलं की मला. म्हटलं हेच आसंल तोंड."

"डोळेच आहेत ते, माई. त्यानंच बघतं ते."

माई पाटीकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. आधी मला वाटलं रडतात. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. "आरं माझ्या कर्मा! म्हंजे म्या त्याच्या डोळ्यातच कुंकू घातलं व्हय! मग आंधळं न्हाई व्हणार तर काय!"

हसणं ओसरल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं. भाऊंचा आवाज मागं घरापर्यंत गेलेला असणार, त्यांना सगळं समजलं. त्या उठल्या आणि आतल्या बाजूला हाक मारली, "दत्ता! हिकडं ये आधी. हात धुतला नसला तरी ये."

दत्ताभाऊ तोंडात घास घेऊन आले.

"त्या पोराला बोल लावू नगंस. त्याचा हात चांगला हाय. मशीन म्या आंधळं केलं."

भाऊंनी पाटी हातात घेतली, ठिपके बघितले, आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. घास गिळला. "सांगायचं न्हाईस का रे मग आधी," एवढंच म्हणाले, जसं काही मला आधी माहीत होतं. पण लगेच फोन काढून दसऱ्यानंतरच्या गिऱ्हाइकांना एकेक करून लावले. "मशीनमधी जरा घाण बसली व्हती. गाडी घिऊन या, परत करून देतो." कुंकवाचं नाव त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सगळे आले, फक्त एक पांढरी गाडी आली नाही, तिचा फोनच लागला नाही. रस्त्यात तशी पांढरी गाडी दिसली की मी अजून तिच्या पुढच्या टायरकडं बघतो.

पाटी पुसायला माईंनी स्वतःचा पदर पुढं केला होता. मऊ फडकं आणि साबणाचं पाणी घेऊन मीच पुसली, त्या शेजारी उभं राहून "हितं राहिलं बग, हितं" करत होत्या. मग ताईंची गाडी सगळ्यांत आधी केली. त्या चौकापर्यंत जाऊन आल्या आणि न थांबताच, काचेतून हात बाहेर काढून अंगठा दाखवत ड्यूटीला निघून गेल्या.

मला वाटलं, विषय संपला. पण रविवारी त्यांचा फोन. "लर्निंग लायसन काढ. मग माझ्या भावाच्या गाडीवर शिकवते तुला."

कुरुळीच्या मोकळ्या मैदानावर त्यांनी मला गाडी शिकवली. ड्यूटी नसेल तेव्हा झोप मोडून यायच्या. "क्लच म्हणजे पायपुसणं नाही रे!" "आरसा केस बघायला दिलाय का?" मी स्टेअरिंग घट्ट आवळून धरायचो, बैलाची वेसण धरल्यासारखं. त्या हातावर चापट मारायच्या. "धरू नको. हात ठेव नुसता. आवळलंस तर ती काय म्हणतेय ते तुला कळायचं नाही." लायसन आलं तेव्हा मी मायला फोन केला. तिला मशीनपेक्षा ह्याचा आनंद जास्त झाला, कारण गाडी तिला माहीत होती.

तेव्हापासून माझ्या हाताखालून गेलेली एकही गाडी मी स्वतः राउंड मारल्याशिवाय देत नाही. पडदा हिरवा असला तरी. दत्ताभाऊ कुरकुरतात, "पेट्रोल गिऱ्हाइकाचं जातंय राव." पण किल्ली देतात. भीती काही गेली नाही माझी. आत्ताच सोडलेली गाडी फाटकातून परत वळताना दिसली की अजून हातातला पाना खाली ठेवतो, मग तो माणूस विसरलेला चष्मा न्यायला आला असला तरी. आणि खंडेनवमीला माई कुंकवाचा करंडा घेऊन येतात, पाटीसमोर उभ्या राहतात आणि मला विचारतात, "ह्याची पाठ कुठली रं?" मी पाटी उलटी करून धरतो. चार बोटं अजून तेवढीच.

ताईंची कंपनीची ड्यूटी पुढं बंद झाली. कंबर दुखायला लागली तशी त्यांनी चिंचवडला शाळेची व्हॅन धरली. आता क्वचित येतात. मधे आल्या त्या चिडलेल्याच. मुलगी आर्या बारावीत आहे, तिला गाडी शिकवायला नेलं होतं आणि ती पोरगी मैदानाच्या मधेच दार उघडून उतरून चालत घरी गेली.

"तुला शिकवताना मी एवढी ओरडले नव्हते ना रे?"

"ओरडला होतात, ताई."

"मग तू नाही उतरलास ते?"

"मला दुसरीकडं कुठं जायला नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी चहा घेतला, टायरची हवा बघून घेतली आणि गेल्या. मी नंतर खूप वेळ विचार करत होतो. ह्या बाईनं माझ्यासाठी जे केलं ते फेडायची संधी मला कधी सापडतच नव्हती. त्या कधी अडून बसत नाहीत, कधी काही मागत नाहीत.

तर ताई, हे छापून आलं की तुम्ही वाचालच. आर्याला अठरा पूर्ण होऊ द्या, तिचं लर्निंग निघू द्या. रविवारी सकाळी कुरुळीच्या मैदानावर तिच्या शेजारी मी बसणार. ती रस्त्यावर एकटी, बिनधास्त गाडी काढेपर्यंत. आवाज चढवणार नाही, शब्द देतो. तुम्ही मात्र त्या वेळेला घरीच थांबायचं.